सगळ्या दिशांना

द्रवावर दिलेला दाब सगळ्या दिशांना सारखाच पोचतो, हे सांगणारा ब्लेझ पास्कलचा ग्रंथ १६६३ मध्ये, तो गेल्यावर छापून आला. जुन्या लोडरखाली उताणं पडायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, म्हणून ‘सगळ्या दिशांना’ एवढ्यावर भागलं. मी नावं देऊ शकतो: बाही, कान, भिंत आणि टॉर्च धरणारी बायको.

लोडरच्या हायड्रॉलिक नळ्या, म्हणजे तेलाच्या दाबाने पुढची बकेट उचलणाऱ्या, बदलायच्या होत्या. नियमाप्रमाणे सगळं केलं होतं. बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं, लिव्हर पुढे-मागे हलवून उरलेला दाब सोडला. पण दाब गेला तरी वरच्या नळीतलं तेल खाली यायचं थोडंच थांबतं? त्याला बादली तेवढी वर्ज्य असते. एका पान्याने फिटिंग, म्हणजे नळीचा जोड, धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा, म्हणून उजेड बायकोच्या हाती. ती बोलताना माझ्याकडे बघते आणि ती बघते तिकडे टॉर्च बघतो.

“अहो, नक्की हाच नट ना?”

डोळ्यांपुढे अंधारी आल्यामुळे मी ठामपणे हो म्हणालो.

फिटिंगची जात वेगळीच. एकाच्या तोंडाचा कोन ३७ अंशांचा, दुसऱ्याच्या ४५. काही मापांत आटेही तेच, त्यामुळे नट शेवटपर्यंत गोडीगुलाबीने बसतो आणि इंजिन सुरू झाल्यावर गळायला लागतो. कोनमापक घेऊन बसलेल्या माणसाला घरचे हसतात. हसू देत.

खरा छळ रंगाचा. नव्या पोलादी नळ्या थिनरने पुसा, पॉलिश पेपरने घासा, पुन्हा पुसा; तरी तेलकट बोटाचा एक ठसा कुठेतरी राहतोच, आणि तिथून रंग अंग चोरून बाजूला होतो. मधोमध खड्डा, भोवती कडं. शिवाय आधी रंगवून बसवाव्यात तर पाना नटावरचा रंग सोलतो. बसवून रंगवाव्यात तर ब्रश मागच्या बाजूला पोचत नाही. मी आधी रंगवणाऱ्यांच्या पंथातला. टोकांना मात्र टेप हवीच, कारण बसायच्या जागेवर रंग गेला की ती जागा तेल धरत नाही. आधीच्या मालकाचा असा कुठलाच पंथ नसावा. त्याने रबरी होजही रंगवले होते, म्हणजे भेगा झाकल्या. मशीनची माहितीपट्टी रंगवली होती, आणि एक कोळी.

गळती शोधायला हात फिरवायचा नाही. सुईएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल कातडी भेदून आत शिरतं आणि माणूस थेट ऑपरेशन टेबलावर जातो. मी लांबूनच पुठ्ठा फिरवला. कोरडा! आत अडकलेल्या हवेमुळे बकेट थोडी उचक्या देत वर गेली, मग सुरळीत झाली.

“छान,” बायको म्हणाली. “आता याने काय उचलायचं?”

हा विचार झालेला नव्हता. गॅरेजमध्ये तेलकट चिंध्यांचा ढीग तेवढा होता.