बाबांना हात लावला तर शॉक लागत नाही

गेल्या आठवड्यात मुंबईच्या मामाने वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला: 'छातीत मशीन बसवलेला माणूस कोसळला तर त्याला शिवू नका, तुम्हालाही शॉक लागेल. छाती दाबू नका, मशीन तुटेल. मोबाइल, मायक्रोवेव्ह घरातून काढा. बाहुल्यावरचं ट्रेनिंग म्हणजे बिल वाढवायचा धंदा.' बाबांना मार्चमध्ये असंच मशीन, आयसीडी, बसवलंय. मेसेज वाचून आईने त्याच रात्री आपलं अंथरूण माजघरात नेलं. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी शॉकचं. हृदयाची लय जिवावर बेतण्याइतकी बिघडली की आयसीडी शॉक देतं. त्या क्षणी कुणी बाबांना धरलेलं असेल तर हाताला झिणझिण्या येतील, फार तर हलका झटका बसेल. त्याने जीव जात नाही. शेजारी झोपल्याने तर तेवढंही होत नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाशेजारी झोपली त्याचीच आईला भीती घालायची, तीही 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड' म्हणून! संताप येतो.

मशीन तुटेल म्हणे. मशीनची डबी असते डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली. दाबायचं छातीच्या मधोमध. हृदय बंद पडल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या युरोपियन रिससिटेशन कौन्सिलच्या 2021 च्या सूचनांत बाहेरून शॉक देताना छातीला चिकटवायचे पॅड डबीपासून निदान 8 सेंटिमीटर लांब लावा, असं लिहिलंय. अशा पेशंटला शिवायचंच नसतं तर हे अंतर कशाला दिलं असतं?

मोबाइलचं थोडं खरं आहे, मान्य. नव्या फोनांत लोहचुंबक असतात. डबीवरच्या खिशात ठेवू नये, 15 सेंटिमीटर लांब असावा. एवढंच. मायक्रोवेव्ह चालतो.

राहिलं ट्रेनिंग. डिस्चार्जआधी सिस्टरनी आईला छाती दाबायच्या सरावाच्या बाहुल्यापुढे गुडघे टेकून बसवलं. पदर खोचून आईने दाबलं, पण आतून आवाजच येईना. कोपरं वाकत होती. "काकी, हात ताठ, अंगाचा भार टाका." मग 'टक्' वाजलं. मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने 30 दाब होईतो तिला धाप लागली. एक शॉक बसून माणूस ठीक असेल तर डॉक्टरांना फोन, लागोपाठ बसले तर 108, शुद्ध नाही आणि श्वासही नाही तर 108 ला सांगून लगेच दाबायला लागायचं, हे तिच्याकडून तीनदा करून घेतलं. बिलात याचा एक रुपया नव्हता.

गुहागरकडचं आमचं घर पाखाडीच्या तळाशी आहे. गाडी वर रस्त्यावरच थांबते, स्ट्रेचर पायऱ्यांवरून उतरवावा लागतो. तोवर बाबांजवळ आईच असणार.

मामा, मेसेज काढ. आणि आईला फोन तूच कर. तिचं अंथरूण अजून माजघरातच आहे.