डबा स्टीलचाच न्या

म्युझिक फेस्टिव्हलला काय काय न्यायचं असं विचारणाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगणं, भरपूर न्या. गेटवर एक लांबच्या लांब टेबल असतं, त्याच्यामागे निळ्या शर्टातली माणसं दुपारपासून उभी असतात बिचारी, आणि तुम्ही हात हलवत गेलात तर त्यांनी करायचं काय? तिकिटाच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात आत काय चालणार नाही त्याची यादी असते, पाण्याची बाटली, छत्री, परफ्यूम, सेल्फी स्टिक, बाहेरचं खाणं वगैरे, ती अजिबात वाचू नका. वाचलीत तर घरीच शहाणे व्हाल आणि मग मजा काय राहिली.

मी गेल्या जानेवारीत भाचीबरोबर गेलो होतो, नवी मुंबईत खाडीच्या बाजूला एक मोकळं मैदान आहे तिथे. आमच्याकडे ठाण्याला पाचपाखाडीत बॅग भरायचं काम आईकडे असतं, माणूस लोणावळ्याला जावो नाहीतर लंडनला. तिने पहिला प्रश्न विचारला, "मैदानात म्हणजे खाली गवतावर ना? मग सतरंजी नको?" तिच्या डोक्यात मोकळ्यावरचं गाणं म्हणजे गणपतीतला ऑर्केस्ट्रा, रात्री ८ चा कार्यक्रम असला की दुपारी ४ ला सतरंजी टाकून यायची, चार कोपऱ्यांवर चार चपला, झाली जागा आपली. फुकट. मी म्हटलं अगं आई आता तिकीट असतं, उभं राहूनच ऐकायचं असतं. "पैसे देऊन उभं राहायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही नाहीये. पद्धत मात्र तीच आहे बरं का, फक्त आता सतरंजीच्या जागी माणूस स्वतःलाच अंथरतो, माझी भाची दुपारी १ वाजल्यापासून लाईनीत होती, पुढच्या कठड्याला चिकटायला मिळावं म्हणून.

तर आईने सतरंजी दिलीच. शिवाय स्वेटर, कानटोपी, ओडोमॉस, ओव्याची पुडी, आणि स्टीलच्या डब्यात चार थालीपीठं, लसणाची चटणी, तिळाचे लाडू. भाची म्हणाली, "मामा, प्लीज तू माझ्या ओळखीचा नाहीस असं चाल." चाललो.

कपड्यांचं बघा. नवी मुंबईत उन्हाळ्यातही कॉन्सर्ट होऊन गेलेत आणि हिवाळ्यातही. जस्टिन बीबर नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला आला तो १० मे २०१७ ला, म्हणजे ज्या दिवसांत आपण पंखा पाचवर ठेवून हालचाल बंद करतो त्या दिवसांत. यू२ बँडवाले १५ डिसेंबर २०१९ ला आले आणि कोल्डप्लेने त्याच स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ असे तीन शो केले, त्यांना कुणीतरी आपल्याकडचं कॅलेंडर दाखवलं असणार. पण एकदा का हजारो माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की मे काय आणि जानेवारी काय, आत कायम सकाळची ८ ची फास्ट लोकलच असते. त्यामुळे स्वेटर न्याच, कमरेला बांधायला छान पडतो आणि परत येताना ट्रेनमध्ये कुणाच्या तरी हँडलला अडकून तिथेच राहतो. बूट पांढरे घाला. मैदानावर भराव लाल मातीचा असला की सोन्याहून पिवळं, बूट दोन गाण्यांत विटकरी होतात आणि सोमवारी ऑफिसात न विचारता सगळ्यांना कळतं तुम्ही कुठे गेला होतात.

पाणी. बाटली गेटवर ठेवायला लावणार हे नक्की, म्हणून लोक काय करतात, टाकायचं कशाला म्हणून लिटरभर पाणी तिथेच उभ्या उभ्या पिऊन टाकतात. मीही प्यायलो. आत गेल्यावर पहिला पाऊण तास मी जे लाईव्ह म्युझिक ऐकलं ते टॉयलेटच्या लाईनीतून ऐकलं, आणि तिथला आवाज वाईट नव्हता हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पैसे नेऊ नका. म्हणजे न्या, पण त्याचा उपयोग नाही. कॅश चालत नाही, मनगटाला पट्टा बांधतात, त्याच्यात आधी पैसे भरायचे आणि मग पट्टा टेकवून वडापाव घ्यायचा, आणि पट्टा भरायचा तर यूपीआय लागतं आणि यूपीआयला नेटवर्क लागतं आणि एका टॉवरवर एवढी गर्दी लोंबकळत असताना नेटवर्क कुठलं, त्यामुळे शे-दोनशे माणसं फोन आकाशाकडे धरून उभी असतात, लांबून बघणाऱ्याला वाटतं काय तल्लीन झालेत. वर फोन नेटवर्क शोधून शोधून बॅटरी पिऊन टाकतो. पॉवर बँक? ती टेबलावर.

आता एक वस्तू अशी आहे जी कुणीच नेत नाही, आणि तिच्याबद्दल मी जरा सिरीयसली बोलणार आहे, चालवून घ्या. कानातले बोळे. कापसाचे नाही, त्याने फारसं काही होत नाही, मेडिकलमध्ये फोमचे मिळतात ते, चिमटीत दाबून आत सरकवायचे आणि फुलेपर्यंत बोट धरून ठेवायचं. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचं बघणारी नायॉश म्हणून सरकारी संस्था आहे, तिचा हिशोब असा की ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. करा गणित, १०० डेसिबलला १५ मिनिटं येतात. आणि स्टेजच्या पुढ्यात स्पीकर त्यापेक्षा कमी वाजत नसतो. पण तुम्ही बोळे घालू नका हं, लोक काय म्हणतील, आणि तसंही विसर्जनाच्या डीजेने आपल्या कानांची रिहर्सल करून घेतलेलीच आहे.

मागे उभं राहणाऱ्यांसाठी वेगळी सोय. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तुम्ही स्टेजपासून १०० मीटरवर असाल तर ड्रमरची काठी पडलेली आधी दिसते आणि धप्प असं नंतर येतं, पाव सेकंदापेक्षा जास्तच उशिरा. मध्ये मध्ये टॉवरवर स्पीकर लावतात त्यांचा आवाजसुद्धा मुद्दाम जरा उशिरा सोडतात, नाहीतर एकच धप्प दोनदा ऐकू आलं असतं. मागच्या लोकांनी मोठ्या स्क्रीनकडे बघितलं की गायकाचं तोंड आधी आणि गाणं मागून, अगदी डब केलेल्या सिनेमासारखं. दुर्बीण नेलीत तर हा अनुभव अजून जवळून घेता येईल.

रात्रीसाठी वेगळं काही भरायची गरज नाही. मोकळ्यावरचे लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम, सरकार वर्षातून काही ठराविक दिवस १२ पर्यंत सूट देतं, तेही जास्तीत जास्त १५ दिवस. आपला दिवस त्यात नव्हता. बरोबर १० ला कार्यक्रम संपला, आणि मग कार्यक्रमाचा दुसरा भाग सुरू झाला, तो म्हणजे सगळे एकदम एकाच गेटमधून बाहेर. रिक्षावाले "कुठे?" विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जायचे. ज्याला ठाण्याला यायचंय त्याने चालत स्टेशन गाठायचं, ट्रान्स हार्बरची म्हणजे नवी मुंबई-ठाणे लोकल पकडायची, पूर्वी निघालं की ऐरोलीनंतर सरळ ठाणं यायचं, आता २०२४ पासून मध्ये दिघा गाव पण लागतं, तेवढीच एक मिनिट अजून बसायला जागा. मिळाली तर.

हां, डबा राहिला. जाताना गेटवरच्या बाईंनी बॅग उघडली, सतरंजीला हात लावून बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत सतरंजीकडे. मग डबा उघडला. लसणाच्या चटणीचा वास टेबलाच्या त्या टोकापर्यंत गेला असणार, कारण तिकडचा पोरगा मेटल डिटेक्टर हातात धरून वळून बघायला लागला. "दादा, बाहेरचं खाणं अलाऊड नाही." म्हटलं ताई, घरचं आहे. "घरचं म्हणजे बाहेरचंच ना." याला तोड नाही. डबा, सतरंजी, ओडोमॉस, सगळं टेबलाखालच्या ढिगात गेलं आणि भाची माझ्याकडे न बघता आत पळाली.

साडेदहाला बाहेर येताना ढिगाशी गेलो. प्लास्टिकचे डबे, बाटल्या, छत्र्या यांचा डोंगर झाला होता, लोक त्यात हात घालून "माझा निळा, नाही हा नाही" करत होते. मी काही बोलायच्या आत त्या बाईंनी माझा डबा खालून काढून टेबलावर ठेवला. झाकणावर नाव घातलेलं आहे ना, 'चि. बंटीच्या मुंजीप्रीत्यर्थ', तो बंटी आता बंगळुरूला असतो. "तुमचाच ना? चटणीवाला." डबा घासलेला होता, अजून ओला. "पोरं दुपारपासून उपाशी होती हो," त्या म्हणाल्या, "आणि कुणाचा डबा रिकामा कसा द्यायचा." ट्रेनमध्ये उघडून बघितलं तर आत तीन चॉकलेटं, अर्धा च्युइंगमचा पॅक आणि कुणाचा तरी एकदम भारी, सीलबंद परफ्यूम. भाचीने परफ्यूम उचलला आणि तेव्हापासून तिने मला ओळख द्यायला सुरुवात केली.