'आहे' दिसलं की 'हॅव' लावा? प्रेझेंट परफेक्टच्या झटपट नियमांचा प्रतिवाद

प्रेझेंट परफेक्ट हा इंग्रजीतला काळ पाच मिनिटांत शिकवणारा एक नुस्खा शिकवण्यांमधून आणि मोबाइलवरच्या संदेशांमधून सर्रास फिरतो. तो थोडक्यात असा: मराठी वाक्याच्या शेवटी 'आहे' आलं की हॅव किंवा हॅज लावून क्रियापदाचं तिसरं रूप ठेवायचं. हा काळ नुकत्याच संपलेल्या क्रियेचा. जस्ट, ऑलरेडी, एव्हर, फॉर असे शब्द दिसले की डोळे मिटून हाच काळ. अमेरिकेत तर तो कोणी वापरतच नाही. आणि सरावासाठी अम्युझमेंट पार्कच्या गप्पा मारल्या की तो आपोआप जिभेवर बसतो.

शेवटचा सल्ला अर्धा बरोबर आहे. अम्युझमेंट पार्क हा या काळासाठी फार चांगला विषय आहे, कारण तिथे 'आजवर काय काय केलं' याचीच मोजदाद चालते. पण आधीचे चार नियम डोक्यात ठेवून कोणी त्या गप्पा मारायला बसलं, तर दुसऱ्याच वाक्याला अडखळतं.

पहिला दावा: 'आहे' तिथे हॅव

'मी आकाशपाळण्यात बसलो आहे.' हे वाक्य 'कुठे आहेस?' या प्रश्नाचं उत्तर असेल, तर इंग्रजीत 'आय ॲम ऑन द फेरिस व्हील'. 'कधी बसलायस का?' याचं उत्तर असेल, तर 'आय हॅव बीन ऑन अ फेरिस व्हील'. मराठी वाक्य दोन्हीकडे तेच आहे. म्हणजे 'आहे' पाहून काहीच ठरत नाही, प्रश्न काय होता ते पाहावं लागतं.

उलट बाजूचा घोटाळा जास्त नुकसान करतो. अनुभव सांगताना आपण कितीतरी वेळा 'होतो' म्हणतो: 'तू कधी वॉटर पार्कला गेला होतास का?' 'हो, दोनदा गेलो होतो.' याच नियमाने मग 'होतो'चं हॅड होतं आणि 'आय हॅड गॉन टू टाइम्स' असं वाक्य तयार होतं. ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो, कारण हॅड आलं म्हणजे त्यानंतर घडलेली भूतकाळातली आणखी एखादी गोष्ट सांगायची आहे, असं त्याला वाटतं. ती येतच नाही. इथे हवं ते 'आय हॅव बीन देअर ट्वाइस'.

मराठीत वर्तमानकाळ असतो आणि इंग्रजीला परफेक्टच लागतो, अशाही जागा आहेत. 'आम्ही तासभरापासून रांगेत उभे आहोत' याचं 'वी आर स्टँडिंग इन द क्यू सिन्स वन आवर' केलं की एका वाक्यात दोन चुका होतात. बरोबर वाक्य: 'वी हॅव बीन स्टँडिंग इन द क्यू फॉर ॲन आवर'. फॉरनंतर कालावधी येतो आणि सिन्सनंतर सुरुवातीचा क्षण: 'सिन्स टेन ओ'क्लॉक'. 'मी पहिल्यांदाच रोलरकोस्टरमध्ये बसतोय' याचंही तसंच: 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव बीन ऑन अ रोलरकोस्टर'.

नकारात आणखी एक सापळा आहे. 'मी कधीच बसलो नाही' यात आपण 'कधीच' आणि 'नाही' दोन्ही वापरतो. तेच इंग्रजीत नेलं की 'आय हॅवन्ट नेव्हर' होतं. नेव्हर घेतलं की नॉट सोडायचं: 'आय हॅव नेव्हर बीन ऑन वन'.

दुसरा दावा: नुकतीच संपलेली क्रिया

वीस वर्षांपूर्वी एकदाच रोलरकोस्टरमध्ये बसलेला माणूस 'आय हॅव रिडन अ रोलरकोस्टर' म्हणतो. पाच मिनिटांपूर्वी राइडवरून उतरलेला माणूस 'आय गॉट ऑफ फाइव्ह मिनिट्स अगो' म्हणतो. ताजं-शिळं याचा इथे संबंध नाही. बोलणारा ज्या काळाकडे पाहतोय तो आत्तापर्यंत पोचतो की मागेच संपतो, एवढंच विचारायचं. माणसाचं आयुष्य अजून चालू असतं, म्हणून आयुष्यातल्या अनुभवांची मोजणी परफेक्टमध्ये. 'पाच मिनिटांपूर्वी', 'काल', 'मागच्या रविवारी' हे ठरावीक, मागे राहिलेले क्षण, म्हणून तिथे साधा भूतकाळ.

मराठीत 'मी मागच्या रविवारी जाऊन आलोय' अगदी सहज चालतं. इंग्रजीत 'आय हॅव बीन देअर लास्ट संडे' चालत नाही. मराठीभाषकाची या काळातली ही सर्वांत चिवट चूक, आणि 'नुकतीच संपलेली' हा नियम तिला खतपाणी घालतो.

पार्कचाच एक दिवस घ्या. दुपारी तीन वाजता, आत असताना: 'वी हॅव डन फोर राइड्स सो फार'. अजून बसता येणार आहे, दिवस उघडा आहे. फाटकाबाहेर पडून घरी जाताना: 'वी डिड फोर राइड्स'. राइड्स त्याच चार, फक्त हिशेब बंद झाला.

हेच वास्तूंनाही लागू होतं. कोपनहेगनचं टिव्होली हे अम्युझमेंट पार्क 1843 साली उघडलं, म्हणून 'टिव्होली ओपन्ड इन 1843'. तिथला लाकडी रोलरकोस्टर 1914 पासून आजही चालतो, म्हणून 'इट हॅज रन सिन्स 1914'. शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनासाठी उभारलेलं पहिलं फेरिस व्हील 1906 मध्ये पाडलं गेलं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलताना परफेक्टला जागाच उरत नाही: 'पीपल पेड 50 सेंट्स टू राइड इट'.

तिसरा दावा: खुणेचे शब्द

शब्द बघून काळ ठरवण्याची सवय परीक्षेत रिकाम्या जागा भरायला थोडीफार उपयोगी पडते, बोलताना नाही. एकट्या फॉरचं बघा. 'वी हॅव वेटेड फॉर टू आवर्स' म्हणणारे अजून रांगेत आहेत. 'वी वेटेड फॉर टू आवर्स' म्हणणाऱ्यांची राइड होऊन गेली, किंवा ते कंटाळून रांगेतून बाहेर पडले. फॉर दोन्हीत आहे. एव्हरचंही तेच: 'हॅव यू एव्हर ड्रिव्हन अ बंपर कार?' हा आजवरच्या आयुष्याबद्दलचा प्रश्न, तर 'डिड यू एव्हर ड्राइव्ह वन ॲज अ चाइल्ड?' हा संपलेल्या बालपणाबद्दलचा.

बीन आणि गॉन हे मात्र खरोखर शब्दानेच ठरतं. 'शी हॅज बीन टू द पार्क' म्हणजे जाऊन आली. 'शी हॅज गॉन टू द पार्क' म्हणजे गेलीय आणि अजून तिथेच आहे. स्वतःचा अनुभव सांगताना म्हणून बीन.

चौथा दावा: अमेरिकेत कोणी वापरत नाही

जस्ट, ऑलरेडी, येट यांच्यासोबत अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळ सर्रास येतो: 'डिड यू राइड इट येट?', 'आय ऑलरेडी रोड दॅट वन'. एवढंच. अनुभवाचा प्रश्न तिथेही 'हॅव यू एव्हर बीन ऑन अ रोलरकोस्टर?' असाच विचारला जातो, आणि सिन्सचं वाक्य परफेक्टमध्येच येतं.

पाचवा दावा: गप्पा मारा, आपोआप येईल

आपोआप येत नाही, याचं कारण गप्पांच्या घडणीत आहे. प्रेझेंट परफेक्ट संभाषण उघडतो, पण पुढे चालवतो तो साधा भूतकाळ. 'हॅव यू एव्हर...?' या प्रश्नाला 'येस, आय हॅव' असं उत्तर मिळालं की पुढचे सगळे प्रश्न ठरावीक प्रसंगाबद्दल असतात: केव्हा, कोणाबरोबर, कसं वाटलं. शिकणारा पहिल्या प्रश्नाच्या ओघात पुढेही हॅवच लावत जातो आणि 'व्हेन हॅव यू गॉन?' असं विचारतो. यात मराठीच्या 'कधी'चाही हात आहे. 'कधी बसलायस का?' आणि 'कधी बसलास?' या दोन प्रश्नांत आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्याला एव्हर आणि परफेक्ट, दुसऱ्याला व्हेन आणि साधा भूतकाळ.

म्हणून नुसत्या गप्पा नकोत, वळण बांधून घेतलेल्या गप्पा हव्यात. दोघांनी बसायचं. एकाच्या हातात सात-आठ अनुभवांची यादी: रोलरकोस्टरमध्ये बसणं, भुताच्या घरात जाणं, बंपर कार चालवणं, राइड मध्येच अडकणं, गर्दीत चुकामूक होणं, रांगेत तासाहून जास्त थांबणं, राइडनंतर उलटी होणं. क्रियापदांची तिसरी रूपं आधीच मोठ्याने म्हणून घ्यायची, कारण इथेच निम्मे लोक अडतात: राइड, रोड, रिडन. ड्राइव्ह, ड्रोव्ह, ड्रिव्हन. लूझ, लॉस्ट, लॉस्ट. थ्रो अप, थ्रू अप, थ्रोन अप. 'हॅव यू एव्हर रोड' ही चूक नियम न कळल्याची नसते, रूप वेळेवर न आठवल्याची असते.

मग प्रत्येक अनुभवाला एक प्रश्न परफेक्टमध्ये. 'नो, आय हॅवन्ट' आलं तर पुढच्या अनुभवाकडे. 'येस, आय हॅव' आलं तर साध्या भूतकाळातले नेमके तीन प्रश्न: 'व्हेन डिड यू गो?', 'हू डिड यू गो विथ?', 'हाऊ डिड यू फील?' तिसऱ्या उत्तरानंतर सांगणाऱ्याने स्वतःहून एका वाक्यात परफेक्टकडे परत यायचं: 'इट्स द स्केरिएस्ट राइड आय हॅव एव्हर बीन ऑन'. परतीचं हे वाक्य बहुतेक सरावांत गाळलं जातं. ते गाळू नये, कारण जाऊन परत येण्यातच दोन काळांमधली सीमा ओळखीची होते. पूर्ण अनुभव नसेल तर कल्पनेतला सांगितला तरी चालतो, सराव काळाचा आहे.

ऐकणाऱ्याने एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं: सिन्सशिवाय आलेला सालाचा किंवा दिवसाचा उल्लेख आणि हॅव एकाच वाक्यात येतात का. आले की तिथेच थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावायचं. बाकीच्या चुका त्या फेरीत सोडून द्यायच्या, नाहीतर सांगणारा गप्प होतो.

हे जमू लागलं की दुसरा सराव. कागदावर सहा राइड्स लिहून चारांवर खूण करायची. आधी पार्कमध्ये असल्यासारखं बोलायचं: 'वी हॅव ऑलरेडी डन द वॉटर स्लाइड', 'वी हॅवन्ट डन द हॉन्टेड हाऊस येट'. मग तोच कागद घेऊन घरी पोचल्यासारखं: 'वी डिड द वॉटर स्लाइड', 'वी डिडन्ट डू द हॉन्टेड हाऊस'. दुसऱ्या फेरीत येट उच्चारलं गेलं, तर बोलणारा मनाने अजून पार्कमध्येच आहे. ती फेरी पुन्हा घ्यावी.

ऐकण्याचा सराव वेगळा लागतो. सहज बोलताना 'आय हॅव बीन'चं 'आय्व्ह बिन' होतं आणि हॅव जवळजवळ कानावर पडतच नाही. त्यामुळे शिकणारा 'आय बीन देअर' असं ऐकतो आणि तसंच बोलतो. आधी पूर्ण हॅव म्हणून दहा वाक्यं, मग तीच आखडून दहा, अशा क्रमाने गेलं तर हॅव गळत नाही.