मालकाचं उत्तर: 'पत्र्याच्या चकतीचे 1,800 रुपये'

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या विमानाचं ईएलटीचं (अपघातात आपोआप मदतीचा सिग्नल पाठवणाऱ्या यंत्राचं) काम चार दिवसांत देतो म्हणालो आणि नऊ दिवस लावले, चूक आमची. केबलचं पार्सल अडकलं होतं, तरी फोन करायला हवा होता. माफ करा.

पण "अँटेनाखाली पत्र्याची चकती चिकटवून 1,800 रुपये उकळले" हे मात्र लागलं. तुमचं विमान फायबरग्लासचं. पत्र्याच्या विमानात बॉडीच अँटेनाला ग्राउंड, म्हणजे खाली लागणारा धातूचा पृष्ठभाग, देते, फायबरमध्ये तो आपणच करून द्यावा लागतो. नाहीतर अपघातात ईएलटी चालू होऊनही सिग्नल धड बाहेर पडत नाही. ईएलटी 406 आणि 121.5 मेगाहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल देतं. अँटेनाच्या चारी बाजूंना पाव वेव्हलेंग्थ धातू लागतो. 406 ची पाव वेव्हलेंग्थ साडेअठरा सेंटिमीटर, म्हणून चकती 37 सेंटिमीटर व्यासाची. 121.5 ला तेवढं पुरत नाही, त्यासाठी चारी बाजूंना बासष्ट सेंटिमीटरपर्यंत तांब्याची पट्टी ओढली. शेपटीकडच्या त्या चिंचोळ्या जागेत माझा मुलगा खांद्यापर्यंत आत शिरून, तोंडात टॉर्च धरून हे करत होता. दोन दिवस अंगाला फायबरची खाज. तापकीर गल्लीत पत्रा 300 ला मिळतो म्हणता. मिळतो की, मीही तिथूनच आणला.

अँटेना सीटमागे आत लपवली असती तर छान दिसलं असतं, कबूल. पण तिथे तुम्हीच मजबुतीला कार्बन फायबरचे थर दिलेत, आणि कार्बन सिग्नल अडवतो. हे मी कागदावर काढून दाखवलं होतं. तो कागद अजून गाळ्यात आहे.

"मालक अंगावर ओरडला." हो, आवाज चढला. तुम्ही मित्राला दाखवायला ईएलटीचा स्विच टेस्टवर नाही, थेट ऑनवर टाकलात. 406 चा पहिला सिग्नल साधारण 50 सेकंदांनी जातो, आणि उपग्रहामार्फत तो पोचतो बेंगळुरूच्या केंद्रात. विमान भोसरीच्या गाळ्यात उभं आणि तिकडे शोधमोहिमेची तयारी! धावत येऊन बंद केला, त्या गडबडीत 'कृपया' म्हणायचं राहिलं.

अशी कामं आमच्याकडे वर्षाला दोन-तीन येतात आणि ती इथले स्टार बघूनच येतात, म्हणून एवढं लिहिलं. यापुढे बिलात मजुरी वेगळी दाखवू, तारखेचंही बघतो. चकती नकोच असेल तर विमान घेऊन या, काढून देतो, 1,800 परत. फक्त मग ईएलटीचं काम आमच्याकडे केलं असं कुठे सांगू नका.