पाच गळे आणि नॉर्मन व्हिटफील्ड

टेम्प्टेशन्स या अमेरिकन ग्रुपच्या 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन'ची (1972) जवळजवळ बारा मिनिटांची आवृत्ती लावा आणि चहाचं आधण ठेवा. चहा उकळून, गाळून कपात येतो तरी कुणी गायलेलं नसतं. बेसचे तेच मोजके सूर, हाय-हॅटची (ड्रमच्या झांजांची) टिकटिक, 'वाह-वाह' आवाज काढणारी गिटार, मध्येच ट्रम्पेट, व्हायोलिनं. चारेक मिनिटांनी त्यांचा गायक डेनिस एडवर्ड्स तोंड उघडतो. आणि हा म्हणे गायकांचा ग्रुप!

टेम्प्टेशन्सना असं कुणी केलं? त्यांच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतल्या निर्मात्याने, नॉर्मन व्हिटफील्डने. पण 'त्याने मोटाउनमध्ये सायकेडेलिक गिटार आणली' एवढ्यावर विषय संपवतात, ते मला पटत नाही. गिटार काय, तेव्हा सगळेच आणत होते.

आधी या ग्रुपची गाणी लिहून बसवायचा स्मोकी रॉबिन्सन. 'माय गर्ल' (1964) आठवा: डेव्हिड रफिन पुढे, बाकीचे चौघे मागे मऊ गादी अंथरून. 1966 मध्ये स्मोकीचं 'गेट रेडी' पॉप चार्टवर 29 च्या वर गेलं नाही. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याने शब्द दिलेला होता, की हे पडलं तर पुढचं गाणं व्हिटफील्डचं. ते 'एन्ट टू प्राउड टू बेग'. सूर मुद्दाम इतका चढा, की रफिनचा गळा फाटायला आला. विनवणी खरी वाटते ती त्यामुळेच.

1968 मध्ये रफिनला काढलं, एडवर्ड्स आला, आणि 'क्लाउड नाइन'मध्ये खरी उलथापालथ झाली. आता पुढचा-मागचा भेदच नाही. एका ओळीत एडवर्ड्सची खरखर, पुढच्या ओळीत एडी केंड्रिक्सचा बारीक फॉल्सेटो (बायकी पट्टीतला चोरटा आवाज), मग तळघरातून मेल्विन फ्रँकलिनचा खर्ज. एका चौकात पाच माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतायत, असं. मोटाउनला पहिलं ग्रॅमी मिळालं ते याच गाण्याला. 'बॉल ऑफ कन्फ्युजन'मध्ये (1970) तर व्हिटफील्डचा गीतकार जोडीदार बॅरेट स्ट्राँग याच्या शब्दांचा नुसता भडिमार आहे, एकट्याच्या दमाचं ते कामच नाही.

याच व्हिटफील्डने 1971 मध्ये 'जस्ट माय इमॅजिनेशन' केलं. केंड्रिक्स पुढे, हळुवार, जुन्या वळणाचं. म्हणजे त्याला जुनं येत नव्हतं असं नाही.

गायकांची तक्रार होती, की आम्ही याच्या बँडमधली वाद्यं झालोय. 1972 पर्यंत मी व्हिटफील्डच्या बाजूने भांडेन. वाद्यं झालात म्हणून तर पाचही गळे वेगवेगळे ऐकू आले! 'पापा'मधलं ते लांबलचक थांबणंही गायकांसाठीच आहे. गाण्यातल्या मुलाचं आईला बापाबद्दल विचारायला तोंड उघडत नाही, तेवढा वेळ आहे तो.

पण 1973 चं 'मास्टरपीस'? चौदा मिनिटांच्या आसपास, आणि त्यात गाणं मिठाइतकं. इथे मात्र गायकांचं खरं होतं. ते मी आजवर दोनदाच शेवटपर्यंत ऐकलंय, त्यातल्या दुसऱ्यांदा ही पोस्ट लिहायची म्हणून.