नावात साम्य, कामात नाही

‘कॉम्प्युटेशनल सायन्स म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचंच नवं लेबल’ हे एका लेखातलं वाक्य पटलं नाही. कॉम्प्युटर सायन्समध्ये संगणक हाच अभ्यासाचा विषय. कॉम्प्युटेशनल सायन्समध्ये संगणक हे हत्यार, आणि विषय हवामान, प्रथिनं, तारे, काहीही.

मी फिजिक्सवाला. दुसऱ्या वर्षी साध्या लोलकाचा प्रोग्रॅम लिहिला, तर लोलक दर झोक्याला आणखी वर जायला लागला! रात्रभर कोडमधली चूक शोधली. सकाळी सर चहा पीत म्हणाले, “कोड बरोबर आहे रे, ऑयलरची पद्धतच ऊर्जा फुगवते. पायरी लहान कर, नाहीतर पद्धत बदल.” (ऑयलरची पद्धत म्हणजे वेळेच्या छोट्या पायऱ्या घेत समीकरण सोडवायची साधी रीत.) हे नुसत्या कोडिंग क्लासमध्ये कोण शिकवणार? (क्लासवाल्यांनी रागावू नये.)

पुण्यात तर या विषयाची उदाहरणं दारातच आहेत. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ साली इथलाच. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ पासून ‘प्रत्यूष’ हा महासंगणक हवामानाची गणितं करत होता. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांचा डेटाही कुणीतरी गणितानेच सोडवतो.

कॉम्प्युटेशनल सायन्स पदवीलाच घ्यावं का? मुलीला किंवा मुलाला कॅल्क्युलस आणि लिनियर अल्जिब्रा मनापासून आवडत असेल तर जरूर. फक्त पॅकेजकडे डोळा असेल तर सरळ बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करा, उगाच डिफरन्शियल इक्वेशन्सशी झटापट कशाला!