पिंपळाला शंभरपैकी शंभर कुणी दिले?

आषाढ लागला की आमच्या इंदूरच्या सुदामानगरच्या ग्रुपवर तो मेसेज हजर. पिंपळ कार्बन डायऑक्साइड १०० टक्के शोषतो, वड ८०, कडुनिंब ७५. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो. सरकारने ही झाडं सोडून जमीन सुकवणारी निलगिरी आणली. दर ५०० मीटरवर एक पिंपळ लावा, देश प्रदूषणमुक्त. वृक्षारोपणाआधी गल्लीतल्या मंडळींना चार गोष्टी समजावायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून हे उत्तर.

१०० टक्के कशाचे? हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के. पिंपळ तो सगळाच्या सगळा ओढून घेत असता, तर शेजारचा कडुनिंब उपाशी मेला असता. झाड किती कार्बन धरतं ते त्याच्या वाढीवर, खोडाच्या घेरावर ठरतं. जातीवार मार्क नसतात.

रात्रीचं म्हणाल, तर उजेडाशिवाय पानातून ऑक्सिजन सुटत नाही, पिंपळाच्याही नाही. आणि हवेत तो २१ टक्के आहे. इंदूरला टंचाई आहे ती सावलीची.

निलगिरी इंग्रजांच्या काळातच, १८४३ मध्ये, निलगिरीच्या डोंगरांत लागली होती. कमी पावसाच्या जागी ती पाणी खेचते, एवढं मात्र मेसेजचं कबूल.

आता ५०० मीटर. चौकटी आखून लावले तरी चौरस किलोमीटरला चार पिंपळ, अख्ख्या देशात सुमारे १.३ कोटी. आपल्या इंदूरच्या रेवती रेंज टेकडीवर १४ जुलै २०२४ ला २४ तासांत १२ लाखांवर रोपं लागली. म्हणजे असे अकरा दिवस काढले की देश शुद्ध! एक पिंपळ वर्षाला १०० किलो कार्बन डायऑक्साइड धरतो असं उदारपणे मानलं, तर होतात १३ लाख टन. देश हा वायू सोडतो वर्षाला ३०० कोटी टनांच्या आसपास.

पिंपळाशी माझं वैर नाही. चैत्रात तांबूस पालवी फुटते आणि ऐन वैशाखात गार सावली मिळते. फक्त भिंतीपासून, ड्रेनेजच्या पाइपापासून लांब लावा. घराजवळ पश्चिमेला करंज बरा, दुपारचं ऊन अडवतो.

पण खरी गोम पुढेच आहे. मागच्या वर्षी आम्ही लावलेल्या वीस रोपांपैकी तीन उरली. मे महिन्यात काळ्या मातीला पंजा आत जाईल अशा भेगा पडल्या होत्या. एक वाळकं रोप उपटलं, तर मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच! मुळं आतल्या आत गोल गोल फिरलेली. फोटो काढायच्या घाईत पिशवी कापायची राहिली, आणि ती घाई माझीच होती.

यंदा पिशव्या मी स्वतः ब्लेडने कापणार. प्रत्येक रोपामागे एक घर, होळीपासून मृगापर्यंत एक दिवसाआड दोन बादल्या, तीन उन्हाळे. नर्मदेचं पाणी ७० किलोमीटरवरून उपसून येतं, म्हणून भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलंही चालेल. यादीत पहिलं नाव मेसेज पाठवणाऱ्या काकांचं लिहिलंय.